हेडचं काम झालं, तरी गाडी गरम: आधी लिटर मोजा

गॅरेजमधून गाडी आली. हेड, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवरचं झाकण, त्याखालचं गॅस्केट नवं, वॉटर पंप नवा, रेडिएटर साफ करून घेतलेला, बिल भरलेलं. आणि तिसऱ्या दिवशी सिग्नलला उभं असताना काटा पुन्हा लाल पट्टीकडे. गाडी परत नेली की एक ठरलेला क्रम सुरू होतो. आधी थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व) काढून टाकतात, मग फॅन सतत फिरेल असा डायरेक्ट करतात, मग रेडिएटर बदलायला सांगतात आणि शेवटी ‘इंजिनच उतरवावं लागेल’ हे ऐकायला मिळतं. या सगळ्यात कुणी काही मोजलेलं मात्र नसतं.

वर्षानुवर्षं हळूहळू गरम होत गेलेल्या गाडीत क्षार, गंज, झिजलेला पंप शोधावा. काम झाल्यावर आठवड्याभरात गरम व्हायला लागलेल्या गाडीत जिथे हात लागला तिथे आधी बघावं. म्हणून पाना हातात घेण्याआधी बिल हातात घ्या. काय उघडलं, काय बदललं, कूलंट (इंजिन गार ठेवणारं, पाण्यात मिसळलेलं द्रावण) किती लिटर भरलं, हे तिथे लिहिलेलं असतं. यातला शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा.

लिटरचा हिशोब

लहान पेट्रोल गाडीत साधारण साडेतीन ते साडेपाच लिटर कूलंट मावतं. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. हेड उघडताना रेडिएटरमधलं, ब्लॉकमधलं आणि हीटरमधलंही बरंचसं पाणी निघून जातं. समजा मॅन्युअल साडेचार लिटर सांगतं आणि बिलात एक लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) लावलंय, त्यात दोन लिटर पाणी घातलं असं मिस्त्री सांगतो. मग उरलेला दीड लिटर कुठे गेला? तिथे हवा आहे. रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला दिसतो, बाटली ‘मॅक्स’वर असते, आणि तरी हेडच्या वरच्या पोकळीत, हीटरच्या कोअरमध्ये (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरमध्ये) किंवा थर्मोस्टॅटच्या मागे हवा अडकून बसलेली असते.

ही हवा तीन प्रकारे छळते. हेडच्या ज्या भागाला पाणी लागत नाही तो भाग तापतो, शेजारच्या पाण्याची वाफ होते आणि फुगा आणखी मोठा होतो. पंपाच्या पात्यांत हवा शिरली की पंप नुसता फिरतो, पाणी पुढे जात नाही. विहिरीवरची मोटर एअर पकडते तेव्हा हेच होतं. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. तापमानाचा सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहतो, पाण्याइतकी उष्णता त्याला मिळत नाही, तो कमी तापमान कळवतो आणि फॅन सुरूच होत नाही. मग ‘फॅन खराब’ म्हणून फॅन बदलला जातो. थर्मोस्टॅटची मेणाची कुपी, जी तापली की तो उघडतो, हवेत राहिली तर तोही उशिरा उघडतो.

म्हणून कूलंट काढताना ते बादलीत धरावं आणि मोजावं. जेवढं निघालं तेवढं परत आत गेलंच पाहिजे. पहिल्या दिवशी पाव-अर्धा लिटर कमी गेलं तर चालतं, पुढच्या दोन-तीन सकाळी ते हळूहळू जातं. एक लिटरहून जास्त फरक असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका.

एअर काढायची रीत

इंजिन पूर्ण गार हवं. म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. अर्धा तास थांबवलेली चालणार नाही. पुढची चाकं पंधरा-वीस सेंटिमीटर उंच घ्या. रॅम्प नसेल तर सोसायटीच्या उतारावर तोंड वर करून लावा, हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना गुटके लावा. असं केल्याने रेडिएटरचं तोंड सगळ्या कूलिंगमधली सर्वात उंच जागा होते आणि हवेला वर यायला वाट मिळते. सपाट जागेवर कितीतरी गाड्यांमध्ये हीटरचे पाइप रेडिएटरच्या कॅपपेक्षा वर असतात, तिथली हवा कधी बाहेरच येत नाही.

हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा, ब्लोअर एकवर. काही गाड्यांत हीटरकडे जाणाऱ्या पाण्याला वॉल्व असतो, तो याने उघडतो. वॉल्व नसला तरी केबिनमध्ये येणारी हवा पुढे मोठी साक्षीदार ठरते.

थर्मोस्टॅटच्या घराजवळ किंवा हीटरच्या पाइपवर ब्लीड स्क्रू आहे का पाहा. असेल तर तो सैल करून कूलंट ओता. बुडबुडे संपून सलग धार आली की बंद करा. तो पितळी किंवा प्लास्टिकचा असतो, जोर लावला तर तुटतो. कूलंट सावकाश ओतायचं. घाईने ओतलं की ते वाटेतली हवा कोंडून टाकतं. मध्ये मध्ये वरचा जाड होज (रेडिएटरचा रबरी पाइप) हाताने दाबत राहा, बुडबुडे भसाभस वर येतील.

आता कॅप न लावता इंजिन सुरू करा आणि आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, सोडा. तोंडावर घट्ट बसणारं फनेल असेल तर उत्तम, त्यात अर्धा लिटर कूलंट उभं ठेवता येतं. आठ-दहा मिनिटांनी थर्मोस्टॅट उघडतो आणि पातळी अचानक खाली जाते. याच क्षणी बहुतेकांचं लक्ष नसतं. लगेच भरा. मग एक-दोन मिनिटं २००० ते २५०० आरपीएम धरा, सोडा, पुन्हा भरा. फॅन आपोआप दोनदा सुरू होऊन दोनदा बंद होईपर्यंत हे चालू ठेवायचं. तोवर हीटरमधून एकसारखी गरम हवा यायला हवी. काटा वर आणि हीटरची हवा गार, असं असेल तर हीटरपर्यंत पाणी पोचलेलं नाही. एअर अजून आत आहे, किंवा पाणी फिरतच नाही.

शेवटी कॅप लावा, बाटली मिन आणि मॅक्सच्या मध्ये भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनवर कॅप उघडून पातळी पाहा. नुसती बाटली पाहून समाधान मानू नका. रेडिएटर रिकामा आणि बाटली भरलेली, असं हमखास होतं.

रेडिएटरला कॅपच नसलेल्या गाड्यांत बाटलीच प्रेशरखाली असते आणि तिलाच चुडीची कॅप असते. अशा गाड्या स्वतःहून बरीचशी एअर काढतात, पण सगळी काढतीलच असं नाही. हीटरची परीक्षा तिथेही लागू. मोठ्या वर्कशॉपमध्ये कंप्रेसरवर चालणारं व्हॅक्यूम फिलर असतं. ते आधी सगळी हवा ओढून घेतं आणि मग त्याच ओढीने कूलंट आत घेतं. गुंतागुंतीच्या पाइपांच्या गाडीला ते वापरायला आवर्जून सांगा.

कधी गरम होते, यावरून अर्धं निदान

एअर काढली, लिटर जुळले, तरी गरम होते. मग कधी गरम होते ते बघा. आणि ते डॅशबोर्डच्या काट्यावरून बघू नका. पुष्कळ गाड्यांत तो काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. ऐंशीपासून शंभरच्या पुढेपर्यंत तो मध्यावरच बसतो, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. कित्येक लहान गाड्यांत तर काटाच नाही, थंड असताना निळा दिवा आणि गरम झाल्यावर लाल. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातली माहिती वाचायच्या जागी) लावायचा ब्लूटूथ अडॅप्टर आणि फोनवरचं ॲप एवढ्यावर कूलंटचं खरं तापमान अंशात दिसतं. एका नको असलेल्या थर्मोस्टॅटच्या पैशात हे यंत्र येतं आणि जन्मभर पुरतं.

ट्रॅफिकमध्ये चढतं आणि रस्ता मोकळा झाला की उतरतं: रेडिएटरला बाहेरची हवा कमी पडते आहे, फॅनकडे बघा. आयडलवर ठीक, पण ऐंशी-नव्वदच्या वेगाने किंवा घाटात चढतं: पाणी कमी फिरतंय किंवा रेडिएटर उष्णता सोडत नाही. सुरू केल्यावर पाच मिनिटांतच चढतं: एअर, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा हेड. तापमान ९५ दाखवतं पण बाटलीत खदखद होते: कॅप, नाहीतर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय.

कसारा किंवा आंबा घाटात गाडी गरम झाली म्हणून लगेच इंजिनाला दोष देऊ नका. तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर रेटत चढवली तर पंपही तेवढाच हळू फिरतो, आणि जळणाऱ्या इंधनाची उष्णता मात्र पूर्ण असते. दुसरा टाका, २५०० ते ३००० वर ठेवा आणि मग काय होतं ते पाहा.

फॅन

रेडिएटर काढून परत बसवल्यावर सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट म्हणजे फॅनचा कनेक्टर. गार इंजिनवर गाडी सुरू करून एसी लावा; बहुतेक गाड्यांत फॅन काही सेकंदांत फिरायला लागतो. नाही फिरला तर कनेक्टर, फ्यूज, रिले या क्रमाने जा. फॅनचा रिले आणि हॉर्नचा किंवा एसीचा रिले एकसारखे असले तर अदलाबदल करून पाहणं फुकटात होतं. एसीवर फिरतो पण तापमानावर फिरत नाही, तर मोटर आणि वायरिंग ठीक. सेन्सर किंवा त्याच्याभोवतीची हवा तपासा. पुष्कळ गाड्यांत सेन्सरचा कनेक्टर काढला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, घाबरून फॅन पूर्ण वेगाने लावतो, ही सोपी परीक्षा आहे. सेन्सर मल्टिमीटरवर मोजायचा तर बहुतेकांची रेझिस्टन्स २० अंशांना दोन ते तीन किलोओहम आणि ८० अंशांना सुमारे ३०० ओहम असते.

फॅन फिरतोय म्हणजे बरोबर फिरतोय असं नाही. दोन वायरींच्या मोटरची वायर उलटी जोडली की फॅन उलटा फिरतो आणि हवा इंजिनाकडे ओढण्याऐवजी पुढे ढकलतो. उभ्या गाडीत थोडंफार भागतं. गाडी चाळीस-पन्नासने चालली की समोरून येणारा वारा आणि फॅनचा वारा एकमेकांना अडवतात आणि तापमान चढतं. जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा. चिकटला तर ठीक, उडाला तर वायरी उलट्या. नवीन मोटरवर जुनी पाती उलटी बसवली तरी हवा नीट येत नाही.

फॅनभोवतीचं प्लास्टिकचं आवरण, म्हणजे श्राउड, ‘नसलं तरी चालतं’ म्हणून काढून ठेवणारे गॅरेजवाले आहेत. नाही चालत. श्राउडशिवाय फॅन फक्त आपल्या वर्तुळापुरती हवा ओढतो, रेडिएटरच्या कोपऱ्यांना हवा लागत नाही. पुढून ठोकलेल्या गाडीच्या कामात हे आणखी होतं. बंपरमागचे प्लास्टिकचे पडदे, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटरमधल्या फटीचा फोम, इंजिनखालची प्लेट, यातलं काही परत बसवलं नाही तर हवा रेडिएटरला वळसा घालून निघून जाते. त्यावर जाळीसमोर मोठे हॉर्न आणि जास्तीचे दिवे बसवून घेतले असतील तर बघायलाच नको.

बोलेरो, सुमो, जुनी स्कॉर्पिओ अशा गाड्यांत बेल्टवर फिरणारा व्हिस्कस फॅन, म्हणजे ऑइल भरलेल्या कपलिंगचा फॅन असतो. गरम झालेलं इंजिन बंद करून फॅन हाताने फिरवा. रेटा लागला पाहिजे. पंख्यासारखा गरगर सुटला तर कपलिंगमधलं सिलिकॉन ऑइल गेलंय. हे कपलिंग बाहेर काढल्यावर वर्कशॉपच्या टेबलावर कित्येक दिवस आडवं ठेवलं तरी त्यातून ऑइल गळू शकतं. ठेवायचं तर गाडीत बसतं तसं, उभं.

थर्मोस्टॅट काढू नका

‘आपल्याकडे थंडी नाही, वॉल्व काढून टाका’ हा सल्ला आपल्या गॅरेजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. थर्मोस्टॅट काढला की इंजिन पन्नास-साठ अंशांवर रेंगाळतं, ईसीयूला वाटतं इंजिन अजून गार आहे, तो पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये ओल साचते. एवढ्यावर भागत नाही. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आपल्या मागच्या चकतीने बायपासचं भोक बंद करतो, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटर न बघताच इंजिनात परत फिरतो, आणि घाटात गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते. गरम होते म्हणून काढला आणि त्यानेच गरम होते.

संशय असेल तर तपासा. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. त्यावर ८२ लिहिलं असेल तर ८२ च्या आसपास हलायला लागतो आणि ९५ पर्यंत पूर्ण, म्हणजे साधारण आठ मिलिमीटर उघडतो. ८८ चा असेल तर तो पूर्ण उघडलेला पातेल्यात दिसेलच असं नाही, पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. हलायला कधी लागतो ते पाहणं पुरे. नवा आणलेलाही बसवण्याआधी असाच पाहावा. खोक्यातून खराब निघणारे कमी नाहीत.

बसवताना दोन चुका होतात. स्प्रिंग आणि कुपीची बाजू इंजिनाकडे हवी. उलटा बसला तर कुपीला गरम पाणी लागत नाही. आणि चकतीवर एक छोटी हलणारी पिन असते, ती बारा वाजताच्या जागी, म्हणजे सगळ्यात वर हवी. भरताना हवा त्या फटीतून निघते. पिन खाली गेली की वर हवा कोंडते आणि तुम्ही पुन्हा एअर काढत बसता.

हीटर गळतो म्हणून त्याचे पाइप बंद केलेल्या गाड्यांचं एक वेगळंच दुखणं असतं. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होजच्या बाजूला, पाणी आत येतं तिथे असतो, त्यांतल्या काहींमध्ये कुपीपर्यंत गरम पाणी हीटरच्या परतीच्या वाटेने पोचतं. पाइपांना बुच मारलं की कुपीला बातमीच मिळत नाही. तापमान शंभरापलीकडे जातं, मग थर्मोस्टॅट एकदम उघडतो, तापमान धाडकन उतरतं, आणि पुन्हा तेच. हीटर बाद करायचाच तर दोन्ही पाइप एकमेकांना जोडा, बुच मारू नका.

कॅप, होज, बेल्ट

कॅप ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो प्रेशरचा. उघड्या भांड्यात समुद्रकाठी पाणी १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वरला ९५ च्या थोडं वर. ०.९ च्या कॅपखाली तेच पाणी ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, कूलंट मिसळलं की आणखी वर. कॅपचं रबर फाटलं की हा सगळा फायदा जातो, आणि इंजिन एरवीच्याच तापमानाला असताना पाणी खदखदून बाटलीतून बाहेर पडतं. जास्त आकड्याची कॅप लावून गरम होणं थांबत नाही, जुना होज किंवा हीटरचा कोअर फुटतो. गाडी गार झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला तर कॅपमधला परतीचा छोटा वॉल्व अडकलाय, बाटलीतलं पाणी रेडिएटरमध्ये परत येत नाही.

खालचा होज ओढीच्या बाजूला असतो. काही गाड्यांत त्याच्या आत तारेची स्प्रिंग असते, ती होज चपटा होऊ देत नाही. नवा होज स्प्रिंगशिवाय बसवला तर ३००० आरपीएमला तो आत ओढला जातो आणि पाणी अडतं. बॉनेट उघडून कुणाला तरी ॲक्सिलरेटर द्यायला सांगा आणि होजकडे बघा, दिसतं ते.

बेल्ट सैल असेल तर चढावर पंप घसरतो. जुन्या व्ही-बेल्टला मध्यभागी अंगठ्याने दाबून आठ-दहा मिलिमीटर ढील ठीक. आठ-दहा पुल्यांतून फिरणाऱ्या लांब बेल्टचा मार्ग चुकला तर मात्र पंप उलटा फिरू शकतो. बेल्ट अंगावर बसलेला, ताण बरोबर, आवाज नाही, आणि पाणी मात्र नीट फिरत नाही. बॉनेटखाली बेल्टच्या मार्गाचं चित्र चिकटवलेलं असतं, त्याच्याशी एकेक पुली जुळवा.

पाणी फिरतंय का

दहा-बारा सेंटिमीटरवरून तापमान मोजणारं इन्फ्रारेड थर्मामीटर इथे कामाला येतं. चकचकीत ॲल्युमिनियमवर धरू नका, खोटा आकडा येतो. काळ्या रबरावर धरा. इंजिन ९५ ला असताना वरचा होज नव्वदीत आणि खालचा त्याहून आठ ते पंधरा अंश कमी, हे निरोगी. वरचा ९८ आणि खालचा ४०: पाणी रेडिएटरमधून जातच नाहीये, थर्मोस्टॅट, चोंदलेला रेडिएटर किंवा पंप. वरचा १०३ आणि खालचा १००: पाणी भरपूर फिरतंय पण हवा उष्णता नेत नाही, फॅन किंवा बाहेरून बुजलेली जाळी. रेडिएटरच्या जाळीवर आडवं-उभं मोजत जा. एखादा पट्टा बाकीच्यापेक्षा वीस अंश गार लागला तर त्या नळ्या बंद आहेत.

नुकत्याच झालेल्या कामानंतर नळ्या बंद का व्हाव्यात? गॅस्केट मेकरमुळे. पंप किंवा थर्मोस्टॅटचं घर बसवताना सिलिकॉन भरमसाट लावलं की बाहेर जितकं डोकावतं तितकंच आतही शिरतं, तुटतं आणि रेडिएटरच्या नळ्यांच्या तोंडाशी जाऊन बसतं. दोन-तीन मिलिमीटरची रेघ पुरते, आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ ते सुकू द्यावं लागतं. दुसरं कारण ऐकायला गमतीचं आहे: कचरा पडू नये म्हणून होजच्या तोंडात कोंबलेली चिंधी. ती काढायची राहते. आणि तिसरं, गळती थांबवायला टाकलेली हळद. ट्रकवाल्यांचा हा जुना उपाय रस्त्यात अडकल्यावर घर गाठण्यापुरता ठीक. तशीच ठेवून वर नवं कूलंट ओतलं की हीटरच्या बारीक नळ्यांत तिचा गाळ बसतो. बाजारातल्या गळती थांबवायच्या पावडरीही याच गोत्रातल्या.

दोन वेगवेगळ्या जातींची कूलंट मिसळली तर काही वेळा जेलीसारखा साका होतो. रंगावरून जात ओळखता येत नाही, डब्यावरचं वाचावं लागतं. आणि डब्यावर ‘रेडी टू यूज’ आहे की कॉन्सन्ट्रेट, हेही. रेडी कूलंटमध्ये आणखी पाणी घातलं तर गंजरोधक पातळ होतं. कॉन्सन्ट्रेट नुसतंच ओतलं तर गाडी जास्त तापते, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणी कूलंटपेक्षा सरस आहे. मिसळायला बोअरचं पाणी नको, बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घ्या.

हेडवर संशय

इथवर सगळं तपासून झालं तरच इकडे या. गार इंजिन, कॅप लावलेली. सुरू करा आणि वरचा होज हातात धरा. एक-दोन मिनिटांत, पाणी अजून कोमट असताना, होज दगडासारखा टणक झाला तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. एवढ्या लवकर नुसत्या उष्णतेने प्रेशर येत नाही. फनेलमधले बुडबुडे दुसरी खूण. अडकलेली हवा निघताना बुडबुडे येतात आणि कमी होत जातात. गॅसचे बुडबुडे थांबत नाहीत, आरपीएम वाढवलं की वाढतात. खात्री करायला निळ्या द्रावणाची ब्लॉक टेस्टर नळी असते: रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढायची, एक्झॉस्टचा गॅस असेल तर द्रावण पिवळं पडतं. कूलंट आत ओढलं जाऊ नये म्हणून पातळी दोन बोटं खाली ठेवा, नाहीतर द्रावण वाया.

टेस्ट पिवळी आली तर नवं गॅस्केट पुन्हा का उडालं हे विचारायचं, नुसतं तिसरं टाकायचं नाही. हेड लेथवाल्याकडे फेस करून, म्हणजे घासून सपाट करून आणलं होतं का? सरळ पट्टी आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालतात; बहुतेक ॲल्युमिनियम हेडना ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या वर बाक चालत नाही. हेड फेस केलं पण ब्लॉकचा माथा तपासलाच नाही, हे नेहमीचं. जुनं गॅस्केट ग्राइंडरच्या चकतीने खरवडलं असेल तर डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडलेले असतात. बोल्टच्या भोकांत पाणी किंवा ऑइल राहिलं तर टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला आवाज देणारा पाना) टक् करतो, पण तो दाब भोकातल्या पाण्यावर असतो, हेडवर नाही. शिवाय ब्लॉक तडकण्याची भीती वेगळी. आणि जे बोल्ट आधी टॉर्क मग अंशात फिरवून आवळायचे असतात ते सहसा एकदाच वापरायचे. ते ताणले गेलेले असतात, पुन्हा तेवढे धरत नाहीत. बिलात हेड बोल्टची ओळ आहे का, ते बघा.

काही इंजिनांत गॅस्केट पुढचं मागे करूनही बसतं. पंपाकडची पाण्याची भोकं लहान आणि लांबची मोठी, अशी त्यांची रचना असते, म्हणजे पाणी आधी सगळ्या ब्लॉकमधून फिरतं आणि मग वर चढतं. उलटं बसवलं तर ते पंपाजवळच हेडमध्ये चढून परत फिरतं आणि शेवटचा सिलिंडर भाजत राहतो. बाहेर डोकावणाऱ्या कडेवर ‘टॉप’ किंवा ‘फ्रंट’ची खूण दिसते का, ते टॉर्च मारून पाहता येतं.

कूलिंगमध्ये काहीच सापडलं नाही तर दोन बाहेरची कारणं उरतात. टायमिंगची चेन किंवा बेल्ट एक दात चुकून बसला तर इंजिन अशक्त होतं आणि जास्त तापतं. पिकअपही कमी झालं असेल तर हेच बघा. दुसरं, त्याच वेळी ब्रेकचं काम केलं असेल आणि कॅलिपर अडकत असेल तर इंजिन सतत ओझं ओढत असतं. दहा किलोमीटर चालवून चारही चाकांच्या ब्रेकजवळ हात न लावता थर्मामीटर धरा. पुढच्या दोघांत पन्नास अंशांचा फरक निघाला तर रेडिएटर सोडा आणि जॅक काढा.

आणि हे सगळं तपासत असताना रस्त्यात लाल दिवा लागलाच, तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम, ब्लोअर फुल, गाडी बाजूला. वाफ दिसत नसेल आणि फॅन चालू असेल तर मिनिटभर आयडलवर ठेवा, तापमान उतरत नसेल तर बंद करा. कॅपला पाऊण तास तरी हात लावायचा नाही. मग जाड फडकं ठेवून पाव फेरा फिरवा, फुसकारा संपू द्या, आणि पाणी ओतायचंच तर इंजिन सुरू ठेवून, पेलाभर पेलाभर.